७० लाख कोरियन देशाबाहेर : ही बेरीज कशाकशाची?

मधली आळी (धागाकर्ता) · रवि, रात्री १०:१२

गेल्या पावसाळ्यात आमच्या कारखान्यात नवीन मशीन बसवायला कोरियातून दोन माणसं आली होती. कारखाना रांजणगावच्या बाजूला, एवढं पुरे. दोघंही कोरियन असं आम्ही धरून चाललो होतो. एक सोलजवळचा. दुसरा आडनावाने किम, चेहरामोहरा तोच, पण पासपोर्ट उझबेकिस्तानचा, आणि रात्री घरी फोन लावला की सगळं बोलणं रशियनमध्ये. कामाच्या वेळी दोघं कोरियन बोलायचे तेव्हा सोलवाला दर दोन वाक्यांना याचा शब्द सुधारायचा. हा निमूट ऐकून घ्यायचा आणि पुढच्या खेपेला पुन्हा तोच शब्द वापरायचा.

एक दिवस कँटीनमध्ये गाजराची कोशिंबीर होती, वरून फोडणी दिलेली. सोलवाल्याने ती ताटाच्या कडेला सारली. किमने तीनदा वाढून घेतली. म्हणाला, आमची आजी अशीच करायची. मी विचारलं, आजी कोरियात असते का? तर म्हणे, आजी ताश्कंदजवळच्या सामुदायिक शेतावर वारली, जन्मली व्लादिवोस्तोकच्या बाजूला. "कोरियात पाय ठेवलेला आमच्या घरातला पहिला माणूस मी. तोही कामासाठी."

तेव्हापासून हा किडा डोक्यात शिरलाय. दक्षिण कोरियाचं सरकार परदेशातल्या कोरियनांची मोजदाद करतं. २०२३ च्या मोजणीत आकडा साधारण ७० लाख. त्यात अमेरिका २६ लाख, चीन २१ लाख, जपान ८ लाख. त्यानंतर एकदम उतार : कॅनडा अडीच लाखांच्या आत, व्हिएतनाम आणि उझबेकिस्तान पावणेदोन-पावणेदोन लाख, ऑस्ट्रेलिया दीड लाखाच्या पुढे, रशिया आणि कझाकस्तान सव्वा लाखाच्या आसपास. खुद्द दक्षिण कोरियाची लोकसंख्या ५ कोटी १७ लाखांच्या घरात. म्हणजे घरात सात माणसं असतील तर आठवं बाहेर. आपण भारतीय एवढे जगभर पसरलोय म्हणतो, पण अनिवासी आणि भारतीय वंशाचे मिळून साडेतीन कोटी, म्हणजे चाळिसांत एक.

मला खटकलं ते वेगळंच. या ७० लाखांत दक्षिण कोरियाचा पासपोर्ट असलेले जेमतेम एक तृतीयांश. बाकीचे अमेरिकेचे, चीनचे, उझबेकिस्तानचे नागरिक. आणि दक्षिण कोरिया हा देशच मुळात १९४८ चा. आमच्या किमची आजी त्याच्या कितीतरी आधी जन्मली. ती या देशाची नागरिक कधी नव्हतीच, तरी तिचा नातू या देशाच्या बेरजेत आहे. हे बाहेर पडलेले लोक आहेत, की देश नंतर झाला आणि त्याने मागे वळून यांना मोजायला घेतलं?

मला मध्य आशियाचं थोडंफार माहीत आहे. बाकीच्या देशांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

---

निवांत नाना · रवि, रात्री १०:५०

वाचतोय. कोरियन मालिका सोडून कोरियावर धागा आला, डोळे पाणावले. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

खडीसाखर · रवि, रात्री ११:२५

ती कोशिंबीर मी खाल्लीय! लेक अल्माटीला मेडिकलला आहे (आमच्या लातूरचीच आठ-दहा मुलं आहेत तिच्या वर्गात). दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले होते. तिथल्या हिरव्या बाजारात, मंडईच म्हणा ना, एका रांगेत नुसत्या कोशिंबिरी विकणाऱ्या बायका. चेहरे कोरियन, डोक्याला रशियन पद्धतीचे रुमाल. समोर स्टीलच्या परातींत डोंगर रचलेले : गाजर, वांगं, कोबी, मशरूम, सोयाबीनचे कसले तरी पापुद्रे. चव बघायला हातावर देतात. गाजर तोंडात टाकलं आणि मला धणे लागले! धणेपूड, लसूण, तिखट आणि वरून कडक तेल. मी लेकीला म्हटलं, ही बाई नक्की आपल्याकडची.

मुलं त्याला 'कोरियन गाजर' म्हणतात आणि वसतिगृहात पोळीबरोबर खातात. पण लेकीच्या वर्गात दक्षिण कोरियाची एक मुलगी आहे, तिने हा पदार्थ जन्मात पाहिला नव्हता म्हणे. हे कसं काय?

---

मधली आळी (धागाकर्ता) · सोम, सकाळी ७:०५

खडीसाखर, तुमच्या प्रश्नातच अख्खी गोष्ट आहे. 'किमची' हे कोरियन तिखट लोणचं करायला लागतो लांबट चिनी कोबी. मध्य आशियात तो मिळेना, गाजर मात्र रग्गड. मग मसाला गाजराला लावला, आणि धणे तिथल्या बाजारातून आले. नाव 'मोर्कोव्ह-चा' : मोर्कोव्ह म्हणजे रशियनमध्ये गाजर, शेपूट कोरियन. आज मॉस्कोपासून ताश्कंदपर्यंत कुठल्याही दुकानात मिळतं. सोलमध्ये ते आता गेलं, या लोकांबरोबर.

पण कोरियन माणूस तिथे गाजरं किसायला पोचला कसा? १८६३-६४ च्या सुमारास कोरियाच्या उत्तरेकडच्या हामग्योंग भागातली तेरा कुटुंबं तुमेन नदी ओलांडून रशियाच्या हद्दीत आली. रशियाला तो मुलूख चीनकडून मिळून तीन-चार वर्षंच झाली होती, जमीन ओसाड पडलेली. पलीकडे दुष्काळ आणि सारा. पुढे १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला तेव्हा तर लोंढाच सुरू झाला. व्लादिवोस्तोकमध्ये कोरियन वस्ती, शाळा, वर्तमानपत्र, नाटक कंपनी, सगळं उभं राहिलं.

२१ ऑगस्ट १९३७. स्टालिन आणि मोलोतोव्ह यांच्या सहीचा हुकूम : सरहद्दीवरचे सगळे कोरियन हलवा. कारण दिलं जपानी हेरगिरी. म्हणजे जे जपानपासून पळून आले होते त्यांनाच जपानचे हेर ठरवलं. काही महिन्यांत सुमारे १ लाख ७२ हजार माणसं मालगाडीच्या डब्यांत भरून ६ हजार किलोमीटर पश्चिमेला कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन सोडली. कझाकस्तानात उश्तोबे नावाच्या स्टेशनाजवळ उतरवलेल्यांनी पहिला हिवाळा टेकडीच्या उतारावर जमिनीत खड्डे खणून, वर बोरू अंथरून काढला. किमची आजी त्या गाडीत सात वर्षांची होती. तिला आठवायचं ते एकच : आईने बियाण्याच्या भाताची पिशवी तिच्या अंगावरच्या कपड्यांच्या आत बांधली होती, आणि तिला निजताना कूस बदलता यायची नाही.

त्याच भाताची शेती यांनी तिथे केली. ताश्कंदजवळच्या 'ध्रुवतारा' नावाच्या सामुदायिक शेताचा कोरियन प्रमुख किम प्योंग-ह्वा याला समाजवादी श्रमवीर हा किताब दोनदा मिळाला.

एक नोंद राहवत नाही म्हणून. जपान्यांशी लढून १९२० ची लढाई जिंकलेला हॉन्ग बोम-दो हा सेनानी. त्यालाही १९३७ मध्ये गाडीत बसवलं. शेवटी तो किझिलोर्दा गावात कोरियन नाट्यगृहाचा पहारेकरी होता. १९४३ मध्ये तिथेच गेला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या अस्थी दक्षिण कोरियाने लष्करी विमानाने नेल्या.

---

उंबरठा · सोम, सकाळी ९:४०

लेख छान, पण गणितात गडबड आहे. चीनमधले २१ लाख कशाला धरता? ते चीनचे नागरिक आहेत. चीनच्या ५६ वंशगटांपैकी एक. सोलने त्यांना आपलं म्हणून मोजायचं, हा आकडा फुगवायचा प्रकार झाला.

---

मधली आळी (धागाकर्ता) · सोम, दुपारी १:१५

उंबरठा, अगदी हाच वाद खुद्द सोलमध्ये झाला, तोही कोर्टात.

१९९९ मध्ये दक्षिण कोरियाने परदेशस्थ कोरियनांसाठी कायदा केला : व्हिसा, जमीन, बँक वगैरे सवलती. पण व्याख्या अशी लिहिली की १९४८ मध्ये सरकार स्थापन होण्याआधी जे बाहेर पडले ते त्यात बसेनात. बसले कोण? बहुतेक अमेरिकेतले, पैसेवाले. बाहेर राहिले कोण? चीनमधले आणि मध्य आशियातले, म्हणजे जे दुष्काळाने, परकीय राजवटीने किंवा बंदुकीच्या धाकाने गेले होते आणि ज्यांना या सवलती सगळ्यात जास्त हव्या होत्या. २००१ मध्ये घटना न्यायालयाने ही व्याख्या समानतेत बसत नाही म्हणून ठोकरली, २००४ मध्ये कायदा बदलला. तरी फरक राहिलाच. चीनच्या आणि मध्य आशियाच्या कोरियनांसाठी २००७ मध्ये वेगळा कामगार-व्हिसा काढला. अमेरिकेतल्याला एक दार, यांना मागचं.

चीनचं म्हणाल तर यान्ब्यान या स्वायत्त जिल्ह्यात (१९५२ चा) २०२२ पर्यंत दुकानाच्या पाटीवर वर कोरियन आणि खाली चिनी असायची, आता नियमाने चिनी वर. पण चीनच्या २०२० च्या जनगणनेत कोरियन भरले १७ लाख. आणि त्यातले लाखो लोक प्रत्यक्षात दक्षिण कोरियात हॉटेलात भांडी घासतायत, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतायत, बांधकामावर आहेत. सोलच्या दैरिम भागात तुम्हाला यान्ब्यानच दिसेल. तेव्हा आकडा फुगलेला असेल हे मान्य. पण त्यांना वगळणं कायद्यानेच चूक ठरलंय.

---

उंबरठा · सोम, दुपारी १:५२

कायद्याचं माहीत नव्हतं. मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धा राखीव.

---

तिसरी घंटा · सोम, संध्या. ६:३०

जपानची बाजू मी लिहितो. ओसाकाला नऊ वर्षं आहे, इकुनोपासून दोन स्टेशनांवर राहतो. इकुनो म्हणजे जपानमधली सगळ्यात मोठी कोरियन वस्ती. तिथले बरेच जण मूळचे जेजू बेटाचे. १९२० च्या दशकात जेजू-ओसाका थेट बोट सुरू झाली, गिरण्यांत आणि कारखान्यांत मजूर हवे होते.

१९४५ ला जपानात सुमारे २० लाख कोरियन होते. बहुतेक परत गेले, सहाएक लाख राहिले. परत जाऊन करायचं काय, तिकडे फाळणी, मग युद्ध. आता मजा बघा. कोरिया जपानच्या ताब्यात होता तोवर हे जपानचे प्रजाजन. लढाईवरही गेले. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को करार लागू झाला आणि एका रात्रीत यांचं नागरिकत्व काढून घेतलं. हातपाय गमावलेल्या कोरियन सैनिकांना पेन्शन नाही, कारण ते आता परके. त्यांच्या नोंदीत लिहिलं 'चोसेन', म्हणजे संपूर्ण कोरियाचं जुनं नाव. त्या नावाचा देश तेव्हाही नव्हता, आजही नाही. हजारो माणसं अजून तीच नोंद धरून बसलीत.

आणि १९५९ ते १९८४ या काळात ९३ हजार माणसं निईगाता बंदरातून बोटींनी उत्तर कोरियात गेली. 'स्वर्ग' म्हणून जाहिरात केली होती. यातले जवळपास सगळे मूळचे दक्षिणेतले! ज्या भागात कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथे 'घरी परत' गेले. माझ्या ओळखीच्या ज्या आजीबाईंचं भाज्यांचं दुकान आहे, त्यांचा थोरला भाऊ गेला. पत्रं यायची. पत्रात कायम साबण, औषधं आणि मनगटी घड्याळं मागितलेली. आजीबाई म्हणतात, घड्याळ मागितलं की समजायचं, विकायला हवंय.

सॉफ्टबँकवाले मासायोशी सोन याच समाजातले. घराण्याने यासुमोतो हे जपानी आडनाव लावलं होतं. यांनी १९९० मध्ये जपानी नागरिकत्व घेताना हट्टाने 'सोन' हेच ठेवलं.

अवांतर : लोट्टे ही कंपनीसुद्धा एका कोरियन तरुणाने १९४८ मध्ये तोक्योत काढली, च्युइंगगम विकून. मग १९६० च्या दशकात ती कोरियात गेली. याच लोट्टेने आपल्याकडची हॅवमोर आइस्क्रीम घेतली आणि २०२५ मध्ये पुण्याजवळ कारखाना काढला. कोरियन, जपानी की गुजराथी आइस्क्रीम म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

---

निवांत नाना · सोम, संध्या. ७:०२

बिल कोण देतंय त्यावर ठरवू.

---

बाराबंदी · सोम, रात्री ९:१५

कोल्हापूरकर म्हणून एक भर घातलीच पाहिजे. कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबलं तेव्हा बावीस हजारांवर युद्धकैदी म्हणत होते, आम्हाला आमच्या बाजूला परत जायचं नाही. त्यांना सांभाळायला भारताची फौज गेली. तटस्थ आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष कैद्यांच्या छावण्या ज्यांच्या ताब्यात होत्या त्या भारतीय दलाचे प्रमुख आमचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. कैद्यांत दोन्ही बाजूंच्या टोळ्या, आत खून पडायचे, आणि आपल्या जवानांनी गोळीबार शक्यतो करायचा नाही. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून धरलं, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. घरी आजोबा हे सांगताना अजूनही खुर्चीत सरळ बसतात.

पण धाग्याशी संबंध असा : त्यातल्या ८८ जणांनी ना उत्तर मागितलं ना दक्षिण. कुठलाही तटस्थ देश द्या म्हणाले. ७६ कोरियन, १२ चिनी. आपली फौज परतली तेव्हा तिच्याबरोबर फेब्रुवारी १९५४ मध्ये ते बोटीने मद्रासला उतरले. दोनेक वर्षं इथे राहिले. मग बहुतेक ब्राझीलला, काही अर्जेंटिनाला गेले, आणि थोडे भारतातच राहिले. यांना कुठल्या रकान्यात धरणार?

---

मधली आळी (धागाकर्ता) · सोम, रात्री ९:४८

बाराबंदी, दंडवत. ब्राझीलचा धागा असा जुळेल असं वाटलं नव्हतं. ब्राझीलला कोरियनांचं अधिकृत स्थलांतर सुरू झालं १९६३ मध्ये. शेतीसाठी म्हणून गेले आणि साव पाउलोत कपडे शिवायला लागले. तिथल्या बोम रेतिरो भागातला कपड्यांचा घाऊक धंदा आज मोठ्या प्रमाणावर त्यांच्या हातात आहे. पण त्यांच्या आधी सात वर्षं मद्रासमार्गे आलेले हे लोक तिथे होतेच.

लॅटिन अमेरिकेतली सगळ्यात जुनी गोष्ट मात्र मेक्सिकोची. १९०५ मध्ये हजारभर कोरियन एका बोटीतून युकातानला नेले, चार वर्षांच्या करारावर. काम घायपाताच्या मळ्यात. आपल्याकडे बांधाला घायपात असतं ते ज्यांनी विळ्याने तोडलंय त्यांना पानाच्या कडेचे काटे सांगायला नकोत. करार १९०९ मध्ये संपला आणि पुढच्याच वर्षी परत जायला देशच उरला नाही. १९२१ मध्ये त्यातले तीनेकशे क्यूबाला गेले, उसाच्या आशेने. साखरेचे भाव तेव्हाच कोसळले, मग तिथेही घायपातच.

---

पल्याड · मंगळ, पहाटे ४:३० (इकडे संध्याकाळ)

न्यू जर्सीतून. आमच्या शेजारचं गाव पॅलिसेड्स पार्क, निम्म्याहून जास्त वस्ती कोरियन. ब्रॉड ॲव्हेन्यूवरून चालत गेलं तर इंग्रजी पाटी शोधावी लागते. मुळा, आलं, कोवळ्या पालेभाज्या आणि ताजे बांगडे यासाठी आम्ही कोरियन दुकानातच जातो. बांगडा साफ करून देणारा काका आता न विचारता डोकं ठेवतो, कालवणासाठी.

इथल्या कोरियनांचे तीन थर आहेत. पहिला : १३ जानेवारी १९०३ ला 'गेलिक' बोटीतून १०२ जण होनोलुलूला उतरले, उसाच्या मळ्यांसाठी, दोन-अडीच वर्षांत सात हजारांवर गेले. दुसरा : युद्धानंतर सैनिकांच्या बायका म्हणून आलेल्या आणि दत्तक आलेली मुलं. तिसरा आणि सगळ्यात मोठा : १९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलल्यावर आलेले, शिकलेले, पण इंग्रजीअभावी किराणा आणि ड्रायक्लीनिंगच्या धंद्यात शिरलेले. १९९२ च्या लॉस एंजेलिसच्या दंगलीत यांचीच दोन हजारांहून जास्त दुकानं जळाली-लुटली. कोरियन लोक त्याला नुसतं 'सा-इ-गू' म्हणतात, चार-दोन-नऊ, म्हणजे २९ एप्रिल.

चर्च हे त्यांचं खरं मंडळ. आमच्या मराठी मंडळाची कोजागिरी दोन वर्षं एका कोरियन चर्चच्या तळघरातल्या सभागृहात झाली, भाडं कमी म्हणून. त्यांच्या फ्रीजमध्ये मसाला दूध ठेवलं. दुधाला रात्री किमचीचा वास. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी प्यायलं.

---

खडीसाखर · मंगळ, सकाळी ८:१०

दत्तक मुलांचा आकडा किती असेल?

---

पल्याड · मंगळ, सकाळी ८:४०

युद्धानंतर आजवर दोन लाखांच्या आसपास, सगळ्यात जास्त अमेरिकेत, मग फ्रान्स, स्वीडन, डेन्मार्क वगैरे. माझ्या ऑफिसातली एक मिनेसोटात वाढलेली. तिच्या कागदावर 'अनाथ' लिहिलं होतं. चाळिशीत डीएनए तपासणीतून कळलं की आई जिवंत आहे, बुसानला. २०२५ च्या मार्चमध्ये कोरियाच्या सत्यशोधन आयोगानेच कबूल केलं की मुलांना बाहेर पाठवताना कागदपत्रं खोटी केली गेली. ती आईला भेटली. दोघींमध्ये दुभाषी बसला होता.

---

उंबरठा · मंगळ, सकाळी ९:३०

माझा राखीव अर्धा मुद्दाही मागे. जर्मनीतल्या खाणकामगार आणि नर्सेसबद्दल कोणी लिहा ना. १९६३ ते १९७७ मध्ये आठेक हजार खाणकामगार आणि दहा हजारांवर नर्सेस गेल्या एवढंच मला माहीत आहे.

---

मधली आळी (धागाकर्ता) · मंगळ, रात्री १०:२०

त्यावर वेगळा धागा हवा. काल किमला हा धागा भाषांतर करून पाठवला होता. त्याचं उत्तर आलं, थोडक्यात देतो. तो सोलजवळ आन्सानला राहतो. ताश्कंदला शेजारी त्याला कोरियन म्हणायचे, आन्सानला घरमालक 'तो रशियन' म्हणतो. २०१९ पर्यंत नियम असा होता की परदेशस्थ कोरियन म्हणून सवलत तिसऱ्या पिढीपर्यंतच. तो तिसरा, मुलगा चौथा. मुलगा तिथल्याच शाळेत शिकला, बापापेक्षा चांगलं कोरियन बोलतो, पण सज्ञान झाला की परका ठरून त्याला देश सोडावा लागला असता. नियम बदलला तेव्हा पोरगा सतरा वर्षांचा होता. थोडक्यात वाचला. आता तोच बापाचं कोरियन सुधारतो.

गाजराची कृती मी त्याला विचारली होती, तीही त्याने दिली आहे : गाजर किसायचं नाही, लांब सुयांसारखं चिरायचं. मीठ-साखर चोळून अर्धा तास ठेवायचं, सुटलेलं पाणी थोडं पिळून टाकायचं. व्हिनेगर, ठेचलेला लसूण, भरड धणे आणि तिखट मधोमध ढीग करून ठेवायचं आणि धूर येईपर्यंत तापलेलं तेल बरोबर त्या ढिगावर ओतायचं. रात्रभर फ्रीजमध्ये. त्याच दिवशी खाल्लं तर आजी रागवायची म्हणे.

---

खडीसाखर · बुध, सकाळी ७:५५

काल रात्रीच केलं. ह्यांनी त्याच दिवशी संपवलं.